गांडुळाच्या तोंडचा घास

(मोहने येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्याच्या दावणीला बैल आहे तो मनुष्य स्वतः जेवावयास बसण्यापूर्वी बैलापुढे वैरण टाकतो. न टाकील तर शेजारी त्याला नावे ठेवतात. हा आपला शिरस्ता आहे आणि तो चांगला आहे. परंतु आपल्याच मालकीचे दुसरे एक जनावर आहे. ते दावणीला नाही, गोठ्यात नाही, आणि उपाशी राहिले तरी हंबरत नाही. ते आपल्या खाचराच्या मातीत राहते, माती उकरते, खत करते आणि त्याबद्दल छदामही मागत नाही. त्याचे नाव गांडूळ. कोठे त्यास दानवे म्हणतात, कोठे काडू, कोठे शिदोड. आज मला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपण ह्या जनावराची वैरण हिरावून घेतो, त्याचे घर मोडतो, वर त्याला विषही घालतो. आणि मग ते जे फुकट देत होते तेच पोत्यात भरलेले बाजारातून उधारीने विकत आणतो.

आपल्या बोलीत ‘गांडूळ’ ही शिवी आहे. ज्याला कणा नाही, जो कोणाच्याही पायाखाली येतो, त्याला लोक गांडूळ म्हणतात. खाली राहून जे राबतात त्यांस हलके लेखावयाचे ही रीत जुनीच आहे. कुणबी, आगरी, कुंभार, चांभार ह्यांस ती नव्याने सांगावयास नको. म्हणून निदान आपण तरी हा प्राणी काय काम करतो ते नीट पाहून मग त्याची किंमत ठरवावी.

विलायतेत डार्विन नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने पुष्कळ वर्षे गांडुळांचे निरीक्षण केले आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा हिशेब असा की, इंग्लंडातील पुष्कळ भागांत एका एकरातील दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. दहा टन म्हणजे दहा हजार किलो. इतकी माती गड्यांकडून खणवून, चाळून, वर पसरवून घ्यावयाची म्हटली तर मजुरी किती होईल, ते ज्याने कुदळ हाती धरली आहे त्याने सांगावे.

ही माती वर येते ती जशीच्या तशी येत नाही. गांडूळ मातीबरोबर कुजका पाला, मुळांचे तुकडे, शेणाचा अंश खाते आणि जी विष्ठा टाकते ती पिकाला लगेच लागू पडते. पावसाळ्यात बांधावर, अंगणाच्या कडेला बारीक गोळ्यांची जी लहान लहान ढिगुळी दिसतात तीच ही. अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांताच्या शेतकी प्रयोगशाळेत १९४४ साली ह्या विष्ठेची शेजारच्या साध्या मातीशी तुलना झाली. पिकाला घेता येईल असे नत्र पाचपट, स्फुरद सातपट आणि पालाश अकरापट निघाले. हे आकडे तिकडच्या जमिनीचे आहेत; आपल्याकडे ते हुबेहूब तितकेच येतील असे मी म्हणत नाही. परंतु जी तीन द्रव्ये खताच्या पोत्यावर छापलेली असतात तीच तीन ह्या ढिगुळीत आहेत, एवढे तरी त्यावरून समजावे. शिवाय त्याच्या बिळांतून पावसाचे पाणी खाली मुरते आणि मुळांना हवा मिळते, हा लाभ निराळाच.

आता हिशेब आपल्या एकराचा करू. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा घेतला आणि त्यात दहा गांडुळे निघाली, तर जमीन बऱ्या स्थितीत आहे असे समजतात. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे गांडुळे चार लाखांच्या वर झाली. एकाचे वजन अर्धा ग्रॅम धरले तरी सगळी मिळून दोनशे किलोंहून अधिक भरतात. एवढे जनावर गोठ्यात असते तर आपण त्याला काय घातले असते, आणि शेतात आहे म्हणून काय घालतो?

पहिली गोष्ट वैरणीची. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप करण्यापूर्वी राब भाजण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शेण, कवळ, पालापाचोळा, गवत ह्यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून, वर माती टाकून उन्हाळ्यात पेटवावयाचे. कोणी शिकलेला मनुष्य येऊन ह्याला अडाणीपणा म्हणेल, तर त्याचे ऐकू नका. राबाने तणाचे बी जळते, राखेतले पालाश व चुना मिळतो आणि रोप जोमदार येते. इंग्रज सरकारच्या काळी जंगलखात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे-कुलाब्यातील रयतेने मोठी तक्रार केली. १८८५ साली त्यासाठी मुंबई सरकारला कमिशन बसवावे लागले. डॉ. व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी आले होते. त्यांनीही १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात राबाचा सविस्तर विचार केला. राबाच्या रोपाचा गुण सरकारी प्रयोगांनाही नाकारता आला नाही. तेव्हा आपले वाडवडील मूर्ख नव्हते.

परंतु एक गोष्ट त्या वादात मागे राहिली. राब जाळतो तेव्हा गांडुळे जळतात का? फारशी नाही. चैत्र-वैशाखात माती तापते तेव्हा पुष्कळ जातींची गांडुळे खोल जाऊन, अंगाची गुंडाळी करून पडून राहतात. राबाची धग वरच्या थोड्या इंचांपलीकडे पोहोचत नाही. वर राहिलेली अंडी आणि वरच्या थरातील जाती नाश पावतात, पण रोपाची जागा तरी किती? सगळ्या शेताचा लहानसा कोपरा. खरे नुकसान त्या कोपऱ्यातले नव्हे. त्या कोपऱ्यावर जाळण्यासाठी आपण सगळ्या शेताचे, बांधाचे, वरकसाचे शेण आणि पाला गोळा करून आणतो. पहिल्या पावसाबरोबर भुकेले गांडूळ वर येते तेव्हा त्याच्या वाट्याला उरते काय? राख. राखेत पालाश आहे, चुना आहे. पण नत्र धुरावाटे निघून गेले आणि खाण्याजोगे तर काहीच राहिले नाही. राबात गांडूळ जळत नाही. त्याच्या तोंडचा वर्षाचा घास जळतो.

पूर्वी गोठा भरलेला असे, रान जवळ होते, म्हणून राबाला देऊनही शेताला थोडे उरे. आज अटाळी-वडवलीपासून टिटवाळ्यापर्यंत पाहा. रान राहिले नाही, गुरे थोडी झाली, शेताच्या जागी इमारती आल्या. जे थोडे शेण मिळते तेच राबात घालावयाचे, तर शेताने काय खावे?

दुसरी गोष्ट घराची. नांगर चालतो त्याच्यामागे बगळे का चालतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. माती उलटली की गांडुळे उघडी पडतात. काही बगळे खातात, काही उन्हात मरतात, काही फाळाखाली तुटतात. एकाची दोन होतात ही समजूत खोटी आहे. शेपटाकडचा थोडा भाग तुटला तर डोक्याकडचा भाग पुष्कळदा जगतो, पण तुटलेल्या शेपटाचे नवे गांडूळ होत नाही. बैलाच्या नांगराने जितके होई त्याहून अधिक हल्लीच्या फिरत्या पात्यांच्या यंत्राने होते, कारण ते मातीचे पीठच करते. त्यावर भाताची चिखलणी. गांडूळ कातडीने श्वास घेते. ओल हवी, पण साचलेल्या गरम पाण्यात हवा संपली की त्याचा जीव घुसमटतो. जी निसटतात ती बांधाच्या मातीत सरकतात. म्हणून बांध ही वाया गेलेली जागा समजून तासून तासून बारीक करू नका. पुन्हा शेतात येण्यासाठी गांडुळांचे बियाणे तेथेच राखलेले असते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगरावरून वाहून जाणारे सत्त्व शेतात राहावे म्हणून ताली-बंधारे घालावे असा आग्रह धरला होता. तो आग्रह जितका पाण्यासाठी तितकाच मातीसाठी होता.

नांगरटीचा हा परिणाम केवळ आपल्या नजरेचा नव्हे. चाळीस देशांतील १६५ संशोधनलेखांतील आकडे एकत्र करून २०१७ साली दोन शास्त्रज्ञांनी तपासले. नांगरणी कमी केलेल्या किंवा सोडलेल्या जमिनीत गांडुळे स्पष्टपणे वाढलेली आढळली. नांगरणी अजिबात सोडलेल्या जमिनीत तर ती सरासरीने दुपटीहून अधिक झाली. आणि सर्वांत अधिक लाभ झाला तो खोल बिळे करणाऱ्या व पाचोळ्यात राहणाऱ्या जातींना.

तिसरी गोष्ट विषाची. भातावरील खोडकिड्यासाठी दाणेदार औषधे मातीत टाकण्याची चाल पडली. त्यांतील फोरेट आणि कार्बोफ्युरान ही गांडुळांना अतिशय मारक आहेत. फोरेटची विक्री व वापर सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केला. तरी कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडलेला असेल, तर तो स्वस्तात मिळाला म्हणून शेतात टाकू नका. तो मनुष्यासही घातक आहे. रासायनिक खताचे म्हणाल तर ते सरसकट विष नव्हे. पीक वाढले की मुळे व धसकटे वाढतात आणि गांडुळांना खाणेही वाढते. परंतु एकच एक आंबट गुणाचे खत वर्षानुवर्षे टाकले तर काय होते ते इंग्लंडातील रॉथॅमस्टेडच्या कुरणात पाहण्यास मिळते. तेथे १८५६ पासून एकाच कुरणाच्या निरनिराळ्या पट्ट्यांना निरनिराळी खते देत आले आहेत. ज्या पट्ट्यांना अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तेथील जमीन इतकी आंबट झाली की गांडुळे जवळजवळ नाहीशी झाली, आणि मेलेले गवत न कुजता घोंगडीसारखे वर साचून राहिले. कुजवणारा गडी गेला, म्हणून कचरा तसाच राहिला.

आता कोणी म्हणेल, ‘बोलणे सोपे आहे. नांगर सोडा, राब सोडा, औषध सोडा, मग खावयाचे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ह्याच उल्हास नदीच्या वरच्या अंगाला शोधता येईल. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तेथे चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी भाताची एक रीत बसविली आहे. गादीवाफे एकदाच करावयाचे. त्यांवर लोखंडी साच्याने सारख्या अंतरावर भोके पाडून भाताचे दाणे टोकावयाचे. चिखलणी नाही आणि आवणीही नाही. कापणीनंतर मुळे उपटावयाची नाहीत. ती जागच्या जागी कुजू द्यावयाची आणि त्याच वाफ्यावर, पुन्हा न नांगरता, वाल किंवा दुसरे पीक घ्यावयाचे. त्यांचे म्हणणे असे की, मुळे आत राहिली आणि माती हलली नाही म्हणजे गांडुळे विकत न आणता आपोआप वाढतात. रोपच करावयाचे नसल्यामुळे राबाची गरजही उरत नाही. तो साचा आपल्या लोहारास दाखविला तर तो करून देईल. त्याच्याही हाताला काम मिळेल.

पण आंधळेपणाने कोणतीही रीत उचलू नये. ह्या रीतीत चिखलणी नसल्यामुळे तण माजते, आणि ते मारण्यासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो. त्यांतील ग्लायफोसेट नावाच्या औषधाचा ऑस्ट्रियात प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. गांडुळे लगेच मेली नाहीत. पण एका जातीचे माती वर आणण्याचे काम जवळजवळ थांबले आणि दुसऱ्या जातीची पिले निम्म्याहून कमी झाली. तेव्हा नांगराचा जाच चुकवून औषधाचा जाच लावला, असे होऊ नये. जेथे घरची माणसे आहेत तेथे तण विळ्याने कापून तेथेच पसरावे. तेही वैरणच आहे. दुसरे असे की, आवणीच्या मजुरीवर ज्या बायाबापड्यांचा आषाढ निघतो त्यांच्या तोंडचा घास आपण काढून घेत नाही ना, हे गावाने पाहावे. कंबरमोडीतून त्यांची सुटका झाली तर आनंदच आहे. परंतु त्याऐवजी भाजीपाला, वाल, हरभरा ह्यांच्या कामाची मजुरी त्यांना मिळाली पाहिजे.

ज्यांस आवणी सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. डॉ. नारायण सावंत ह्यांनी कोकणात भातशेतीची चारसूत्री रीत सांगितली. तीत रोपाच्या वाफ्याला भाताच्या तुसाची काळी राख घालतात आणि आवणीपूर्वी शेताला गिरिपुष्पाचा पाला देतात. तूस भातगिरणीत मिळते. गिरिपुष्पाची फांदी बांधावर खोचली की जगते. रोपाला तुसाची राख मिळाली म्हणजे शेण व पाला राबातून सुटला. तो शेताच्या कामी आला. तेल्याच्या घाण्याची पेंड, गोठ्यातले ओले गवत, चुलीपुढचा भाजीचा कचरा, हे सारे कुजवून शेताला द्यावे. एकदम सारे शेत बदलू नका. या वर्षी एक खाचर निराळे ठेवा आणि ताडून पाहा.

एका फसवणुकीपासून मात्र सावध राहा. गांडूळ खताच्या पेटीत जे तांबडे गांडूळ सोडतात ते बहुधा आयसेनिया फेटिडा नावाचे, परदेशातून आलेले. ते शेण व कचरा खाते आणि त्याचे खत उत्तम होते. पण ते शेतकरी नव्हे, उकिरड्यावरचे आहे. शेताच्या उघड्या मातीत सोडले तर ते टिकत नाही. म्हणून ‘एकरी इतके हजार गांडूळ सोडा आणि श्रीमंत व्हा’ असे सांगून कोणी विकू लागला तर पैसे कनवटीला ठेवा. आपल्या मातीची गांडुळे आपल्या बांधातच आहेत. त्यांना आमंत्रण लागत नाही, खाणे लागते.

हे सर्व कोणाच्या हिताचे? ज्याच्याकडे पैसा आहे तो पोती आणील. २०१४ साली जगातील ५८ प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहण्यात आले. जेथे गांडुळे होती तेथे धान्य सरासरीने शेकडा २५ अधिक आले. परंतु जेथे नत्र खत भरपूर दिले होते तेथे हा फरक उरला नाही आणि जेथे पिकाचे अवशेष मातीला परत दिले होते तेथे तो वाढला. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गांडूळ हे गरिबाचे जनावर आहे. ज्याला पोते परवडत नाही त्यालाच ते अधिक देते, मात्र त्याने धसकट आणि पाला मातीला परत दिला पाहिजे.

आणि आपल्या टापूत मातीशिवाय दुसरा आधार तरी कोणता? येथील रेयॉनचा मोठा कारखाना २००९ साली बंद पडला. पगार थांबतो तेव्हा ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो त्यांना निदान भाताचे चार दाणे तरी घरचे मिळतात. म्हणून वीटभट्टीवाला वरची फूटभर माती मागावयास आला म्हणजे उत्तर देण्यापूर्वी विचार करा. ती फूटभर माती म्हणजेच सारे शेत. गांडुळे, मुळे, वाडवडिलांनी घातलेले शेण, सगळे त्या एका फुटात आहे. खाली उरतो तो मुरूम. पैसा वर्षात संपतो. ती माती पुन्हा होण्यास पिढ्या लागतात.

शेवटी एकच काम सांगतो. त्याला पैसा लागत नाही. कापणी झाली आणि जमिनीत ओल आहे, अशा वेळी प्रत्येक घराने आपल्या खाचरात एक फुटाचा खड्डा घ्यावा, दुसरा बांधाच्या कडेला घ्यावा, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून दोन्हींतील गांडुळे मोजवून वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. मोजून झाल्यावर ती परत मातीत सोडावीत. बांधाला दहा आणि शेतात दोन निघाली, तर कमी कोठे पडते ते दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहणार नाही. पुढल्या कार्तिकात पुन्हा त्याच जागी खणा आणि आकडा वाढला की घटला ते पाहा. सावकाराच्या वहीत आपले आकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. ते आपण वाचले नाहीत, म्हणून बुडालो. ह्या वहीतले आकडे आपल्या हाताचे असतील. ते आपणच लिहावेत आणि आपणच वाचावेत.